पेन्सिलीच्या आधीची कामं

प्रश्न: विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मी घरातच पाळणाघर चालवते. सध्या नऊ मुलं आहेत. सगळ्यात धाकटी चौदा महिन्यांची, मोठा साडेचार वर्षांचा. मदतीला एक मावशी आहेत. घर दुसऱ्या मजल्यावर, हॉल आणि स्वयंपाकघर एवढंच. मुलं दिवसभर खेळतात, नाचतात, माझ्या मागेमागे ओट्यापाशी येतात. पण पालकांना वाटतं, नुसता खेळ म्हणजे दिवस वाया. एका आईने साडेतीन वर्षांच्या मुलासाठी एबीसीडी गिरवायची वही आणून दिली आहे. "ताई, रोज एक पान तरी करून घ्या, पुढे शाळेत लागेल." तो पेन्सिल मुठीत धरतो, दोन रेघा मारतो आणि वही ढकलून देतो. जोर केला की रडतो. चौदा महिन्यांच्या मुलीची आजी म्हणते, अजून चालत नाही, वॉकर आणा. ती सोफ्याला धरून कडेकडेने छान चालते, फक्त हात सोडत नाही. त्यात खालच्या मजल्यावरचे काका उड्यांच्या आवाजावरून दोनदा वर येऊन गेले. एवढ्याशा जागेत मुलांच्या हातापायांची वाढ नीट व्हावी म्हणून मी काय करू? आणि पालकांना काय सांगू?
– पाळणाघर चालवणारी एक ताई, विक्रोळी

उत्तर:

ताई, नमस्कार.

मुलाच्या दृष्टीने ती वही तूर्त बंद करा. तो हट्टी आहे म्हणून वही ढकलत नाही. त्याचा हात त्या कामाला अजून तयार नाही, आणि हे सांगायला त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही. हात तयार व्हायला जे लागतं त्यातलं बरंचसं तुमच्या घरात आजही चालू आहे. पालक ज्याला नुसता खेळ म्हणतात ते हेच. तेव्हा तुम्ही काहीतरी कमी पडताय अशी रुखरुख आधी मनातून काढून टाका.

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान लहान हाडं असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेच्या रूपात असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करत टणक होत जातात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी टणक होऊ लागलेली साधारण तीन-चारच दिसतात. अंगठ्याच्या बुडाशी असलेली हाडं बहुतेक मुलांत चार ते सहा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात, आणि शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या मधे केव्हातरी. पेन्सिलीचा सगळा भार ज्या अंगठ्यावर येतो, त्याचा पायाच अजून भरतो आहे.

शिवाय हाताची तयारी बोटांपासून सुरू होत नाही. बाळ आधी मान सावरतं, मग पाठ, मग बसतं, रांगतं. रांगताना तळहातांवर अंगाचा भार पडतो, त्याने खांदे बळकट होतात. खांदा स्थिर झाला की कोपर, मग मनगट, आणि सगळ्यांत शेवटी बोटं. गणपतीच्या मांडवात खांब रोवल्याशिवाय कोणी वर तोरणं लावायला चढत नाही, तसंच हे आहे. खांद्यात आणि पोटात जोर नसेल तर बोटांना पेन्सिल धरायची रीत कितीही शिकवा, दोन ओळींत हात भरून येतो, मूल टेबलावर रेलतं, डोकं हातावर टेकवतं, आणि आपण म्हणतो की याचं लक्षच नाही.

मुठीत पेन्सिल धरणं या वयात चूक नाही. साडेतीन-चारच्या सुमारास पेन्सिल तीन बोटांत येऊ लागते, पण तेव्हाही मनगट आणि हात एकत्रच हलतात. फक्त बोटं हलवून लिहिणं जमतं ते साडेचार ते सहाच्या दरम्यान. आकारांचाही एक क्रम आहे. दोन वर्षांच्या आसपास उभी रेघ जमते, तीनला गोल, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन. त्रिकोण, म्हणजे तिरप्या रेघांचं काम, पाचच्या सुमारास. आता त्या वहीचं पहिलं पान आठवा. इंग्रजी वर्णमालेचं पहिलंच अक्षर दोन तिरप्या रेघांचं आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाकडे आपण दीड वर्ष पुढचं काम मागतो आहोत.

मग त्याला काय द्यायचं? कपडे वाळत घालायचे चिमटे द्या. दोरी त्याच्या छातीच्या उंचीवर बांधा, शेजारी लहान रुमालांची टोपली ठेवा आणि थोडा वेळ नुसतं बघा. पहिल्या दिवशी तो चिमटा मुठीत दाबेल, दुसरा हात मदतीला आणेल, ओठ आवळेल, जीभ बाहेर काढेल. हाताच्या कामाला अख्खं तोंड मदत करत असतं. चिमटा दोरीवर बसण्याआधीच निसटेल. काही दिवसांनी दुसरा हात मोकळा होईल आणि रुमाल धरू लागेल. मग कधीतरी तुम्हाला दिसेल की चिमट्यावर अंगठा एका बाजूला आहे, समोर पहिली दोन बोटं आहेत, उरलेली दोन तळहातात दुमडलेली आहेत. पेन्सिल धरताना हात नेमका असाच लागतो. तो कोणी शिकवलेला नसतो, चिमट्याची स्प्रिंग तो मागून घेते. आणि दोरी छातीच्या उंचीवर असल्याने खांदाही सोबत काम करतो.

त्याला रेघोट्या मारायच्या असतील तर त्या उभ्या जागेवर मारू द्या. दाराच्या आतल्या बाजूला काळा रंग लावून घ्या, किंवा कपाटावर जुनं कॅलेंडर उलटं करून चिकटवा. समोरच्या उभ्या पृष्ठभागावर काढताना मनगट आपोआप मागे वळतं, आणि पुढे लिहिताना तीच ठेवण हवी असते. खडू मुद्दाम मोडून पेराएवढा तुकडा द्या, कारण एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, बोटांतच धरावा लागतो. रंगाचा रुंद ब्रश आणि वाटीभर पाणी दिलं तर गॅलरीची भिंत तासभर पुरते. वाळली की पुन्हा कोरी. पालथं झोपून, कोपरांवर रेलून जुन्या वर्तमानपत्रावर रंगवणं हाही चांगला प्रकार आहे. त्यात मान, पाठ, खांदे सगळ्यांना काम लागतं.

आता तुमचं स्वयंपाकघर. माझ्या मते तुमच्याकडची सगळ्यांत मोठी संपत्ती ती आहे, आणि बाजारातल्या कुठल्याही खेळण्याच्या संचासाठी मी ती सोडणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं, तेव्हा परदेशी धाटणीची महाग साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी माती, पानं, बिया, खडे, टोपल्या, म्हणजे मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या वस्तू हाताशी घेतल्या. अंगणवाडीची कल्पना त्या कामातून पुढे आली.

चार-साडेचारच्या मुलांना मेथी निवडायला बसवा. पान खुडताना अंगठा आणि तर्जनीचं टोक टोकाला लागतं. मटाराच्या दिवसांत शेंगा द्या. शेंगेची कड अंगठ्याने दाबायची, ती फट्‌कन उघडते, मग आतून अंगठा फिरवत दाणे वाटीत पाडायचे. या एका शेंगेत दोन्ही हात वेगवेगळं काम करतात, एक धरतो आणि दुसरा उघडतो. बटण लावताना, कात्री चालवताना, पुढे वही धरून लिहिताना हेच लागणार आहे. कणकेचा गोळा प्रत्येकाला द्या, अगदी दोन वर्षांच्यालाही. आधी नुसतं दाबणं, मग बोटाने भोकं पाडणं, मग दोन तळव्यांत लांबट वळी, मग लहान गोळ्या. छोटं लाटणं असेल तर फारच छान, कारण दोन्ही हातांचा जोर सारखा पडला नाही तर पोळी एका बाजूला पळते आणि मुलाला चूक स्वतःच कळते. श्रावणात गणपतीच्या आधी शाडूची माती बाजारात येते. थोडी जास्त आणून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, पुढे बरेच दिवस चालते. शाडू कणकेपेक्षा घट्ट, त्यामुळे बोटांना मेहनतही जास्त.

पाण्याचा खेळ बाथरूममध्ये किंवा मोठ्या परातीत. लहान तांब्यातून फुलपात्रात ओतायचं, सांडलेलं स्पंजने टिपायचं, स्पंज वाटीत पिळायचा. शेवटी रुमाल धुऊन पिळायला लावा. पिळताना दोन मनगटं उलट दिशांना फिरतात, आणि हा पीळ तीन वर्षांच्या मुलाला जमायला बराच काळ लागतो. घाई करू नका.

आणि जेवण. याबद्दल जरा आग्रहाने लिहिते, कारण पाळणाघरात नऊ मुलांना जेवायला घालताना भरवणं हाच सोपा मार्ग वाटतो, आणि आईचंही सांगणं असतं की पोट भरलं पाहिजे. तरी प्रत्येक जेवणाचे पहिले काही घास मुलाला आपल्या हाताने खाऊ द्या. वरणभात कालवणं, बोटांनी गोळा करणं, अंगठ्याने तोंडात लोटणं यात बोटांचं जे बारीक काम होतं ते कुठल्याही कोऱ्या वहीत होत नाही. खाली जुनी साडी अंथरा. सांडलवंड होईल, मावशींना थोडं जास्त आवरावं लागेल, पण काही आठवड्यांत सांडणं कमी होतं आणि तुमचे हातही मोकळे होतात. चपला घालणं, डबा उघडणं, बाटलीचं झाकण फिरवणं यातही हात चटकन पुढे करू नका.

जागेचं बोलायचं तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्यांच्या बाबतीत त्यातली किमान ६० मिनिटं चांगली धावपळीची असावी. एका वेळी तासापेक्षा जास्त मूल खुर्चीत किंवा गाडीत अडकवून ठेवू नये. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, त्यानंतर दिवसाला तासाभराच्या वर नको, जितकी कमी तितकी बरी. तीन तास ऐकायला फार वाटतात, पण ते सलग नाहीत, दिवसभर विखुरलेले आहेत. तुमच्याकडची मुलं सकाळी आईची लोकल गाठायच्या वेळी येतात आणि दिवेलागणीनंतर जातात. घरी गेल्यावर जेवण आणि झोप. म्हणजे हे तीन तास जवळजवळ सगळे तुमच्याच घरात व्हायचे आहेत. दुपारी टीव्ही लावण्याची सवय असेल तर तिथूनच वेळ काढा.

खालच्या काकांना त्रास उड्यांचा होतो, हालचालीचा नाही. हा फरक धरून चला. ओढणं, ढकलणं, उचलणं, रांगणं, चढणं या सगळ्यांत ताकद भरपूर लागते आणि आवाज जवळपास होत नाही. चादरीवर एका मुलाला बसवून दुसऱ्या दोघांनी ती हॉलभर ओढायची. खेळण्यांनी भरलेला क्रेट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलायचा. भाजीवाल्याकडून आलेली पिशवी दारापासून ओट्यापर्यंत दोघांनी मिळून आणायची, कांदे-बटाटे टोपलीत भरायचे. दोन खुर्च्यांवर साडी टाकली की बोगदा झाला, त्यातून रांगत जायचं. गाद्या-उशांचा डोंगर करून त्यावर चढायचं. फरशीच्या जोडरेषेवरून पाऊल पुढे पाऊल लावत चालायचं, हातात चमचा आणि चमच्यात लिंबू. हत्तीसारखं चालणं, खेकड्यासारखं चालणं, बेडकासारखं उकिडवं बसणं. उकिडवं बसणं मुलांकडून मुद्दाम जपा, घोटे आणि मांड्या त्याने बळकट राहतात. खऱ्या उड्या हव्यातच, त्या गादीवर, ठरलेल्या एखाद-दुसऱ्या वेळी. ती वेळ काकांना आधीच सांगून ठेवा, आणि त्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी इकडे मुलांचीही झोप ठेवा. एखाद्या दिवशी त्यांना वर बोलावून मुलांचा खेळ दाखवा. ओळख झाली की आवाज सोसतो.

चेंडू बाजारातला नको, दोन-चार मोजे एकात एक गुंडाळून करा. तो लागत नाही, घरंगळून फार दूर जात नाही, आणि पकडायला लहान हातांना सोपा जातो.

तुमच्या इमारतीचा जिना हे तर आयतं साधन आहे. साधारण दोन वर्षांचं मूल एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढतं. तीनच्या सुमारास चढताना पाय आळीपाळीने पडू लागतात, उतरताना तसं जमायला चार लागतात. रोज एकदा सगळ्यांना खाली न्या, कडेवर नाही, आपल्या पायांनी. जुन्या ओढणीला अंतराअंतरावर गाठी मारा, प्रत्येकाने आपली गाठ धरायची, पुढे तुम्ही आणि मागे मावशी. जितका वेळ खाली खेळण्यात जाईल जवळपास तितकाच जिन्यात जाईल, तो वाया गेला असं समजू नका. खाली खडूने ठिकरीचे घर आखा. तीन वर्षांची मुलं दोन्ही पायांनी उड्या मारतील, चार-साडेचारची लंगडी घालू पाहतील. जून ते सप्टेंबर पावसाने अडकवलं तरी उघडीप मिळाली की जा, फक्त साचलेल्या पाण्यात अनवाणी पाय नको. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती असते.

एक गोष्ट सक्तीची. तुमच्याकडे सगळ्या वयांची मुलं एकत्र आहेत, म्हणून मटाराचे दाणे, मणी, चिंचोके, गोट्या यांचं काम मोठ्यांसाठी, ते टेबलावर किंवा ओट्यापाशी, धाकटी झोपलेली असताना. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी घशात अडकेल असं काहीच नको. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, फुगे आणि बटणासारखे चपटे सेल यांची तर घरात मुलांचा हात पोहोचणार नाही अशीच जागा ठरवून टाका. पाण्याची भरलेली बादली किंवा उघडं पिंप मुलांच्या वाटेत ठेवू नका, लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं. खिडकीखाली चढता येईल असं स्टूल नको.

आता त्या चौदा महिन्यांच्या बाईसाहेब. वॉकर आणू नका, कोणी आणून दिला तरी वापरू नका. वॉकरमध्ये मूल बसल्या बसल्या चवड्यांनी जमीन ढकलतं. अंगाचा तोल सावरणं, पडता पडता थांबणं, आपले पाय कुठे पडतात ते बघणं, यातलं काहीच त्यात घडत नाही. चालणं त्याने लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. शिवाय मूल क्षणात जिन्यापाशी किंवा गॅसपाशी पोहोचतं. या अपघातांमुळेच कॅनडाने २००४ मध्ये वॉकरची विक्रीच बंद केली. आजीला नुसतं "नको" म्हणू नका, जुना पांगुळगाडा आठवतो का विचारा. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं, स्वतःचा भार स्वतः पेलतं. तुमच्याकडे तो नसेल तर जड स्टूल किंवा कपड्यांनी भरलेला खोका तिला ढकलू द्या. हलकी वस्तू गुळगुळीत फरशीवर सुळकन पुढे निघून जाते, म्हणून वजन हवंच. घरात तिचे पाय अनवाणी राहू देत. सोफ्याच्या थोडं पुढे खुर्ची ठेवा, मधे हातभर अंतर. आज ती रडेल, उद्या एक हात सोडून दुसरीकडे टाकेल.

भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या नोंदींवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जे तक्ते काढले त्यांत निरोगी मुलांनी एकट्याने चालायला लागण्याचा काळ साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. शंभरातली सुमारे चार मुलं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी चालली. ही मुलगी धरून उभी राहते, कडेकडेने चालते, तर ती वाटेवरच आहे. ती दिवस भरण्याआधी जन्मली असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचं, हेही आजीला सांगा.

पालकांशी बोलताना एक लक्षात ठेवा. त्या आईने वही आणली ती भीतीपोटी आणली. शाळाप्रवेशाची धास्ती मुंबईत मूल पोटात असल्यापासून सुरू होते. तिला सांगा की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय सहा धरलं आहे, तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आहे, आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याचा भर खेळावर आहे. शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याने, २००९ च्या कलम १३ ने, मनाई आहे. पण नुसत्या कायद्याने तिचं समाधान होणार नाही. तिला आपलं मूल पुढे जाताना दिसायला हवं आहे, आणि दिवसभर ती ते बघू शकत नाही. म्हणून तीच वही तुम्ही वापरा, तुम्हीच तिच्यात लिहा. रोज दोन ओळी. "आज सहा चिमटे एकट्याने लावले. जिना उतरताना कठडा धरला, पण दोन पायऱ्या पाय आळीपाळीने टाकले." महिन्याने ती वही चाळेल तेव्हा तिला जे दिसेल ते गिरवलेल्या पानांत दिसलं नसतं. बाकीच्या पालकांसाठीही अशा वह्या ठेवता आल्या तर उत्तम, नाहीतर आठवड्यातून एकदा लिहा.

तुम्ही रोज इतकी मुलं शेजारीशेजारी बघता, त्यामुळे काही वेगळं असेल तर आधी तुमच्या नजरेत येईल. आलेलं कौशल्य मूल गमावू लागलं, कालपर्यंत चालणारं मूल आज चालेनासं झालं, तर थांबू नका, त्याच दिवशी पालकांना सांगा. वर्षाच्या आत एकच हात सतत वापरणारं आणि दुसरा आखडून ठेवणारं बाळ, नऊ-दहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय न बसणारं, अठरा महिने झाले तरी न चालणारं, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटणारं, कायम चवड्यांवरच चालणारं, तीन वर्षांनंतरही जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहणारं मूल डॉक्टरांना दाखवायलाच हवं. साडेतीन वर्षांच्या तुमच्या त्या मुलाबाबत नुसत्या पेन्सिलीची काळजी नाही. पण चिमटा, कणीक, जिना, बटण यांतही काही महिन्यांत काहीच फरक दिसला नाही, किंवा ओल्या मातीला हात लावायलाही तो कासावीस होत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रोजची कामं हातांना जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवलेलं बरं. या कामाचं देशातलं पहिलं विद्यालय १९५० मध्ये आपल्या मुंबईतल्या केईएम रुग्णालयातच सुरू झालं, कमलाबाई निंबकरांच्या प्रयत्नातून. आज केईएम, शीव आणि नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत हा विभाग आहे. बालरोग ओपीडीचा केसपेपर काढायचा, तिथून पुढे पाठवतात.

हे सांगताना दारात, मूल कडेवर आणि डब्याची पिशवी हातात असताना सांगू नका. सुट्टीच्या दिवशी फोन करा किंवा दहा मिनिटं बसवून घ्या. "मागे आहे", "स्लो आहे" हे शब्द टाळा. तुम्ही काय पाहिलं तेवढंच सांगा, कधी पाहिलं, किती वेळा पाहिलं. पालकांना विचारून मोबाइलवर मिनिटाभराचा व्हिडिओ काढून ठेवा. ओपीडीत अनोळखी माणसांत मूल आईला चिकटून बसतं, काहीच करून दाखवत नाही, तेव्हा डॉक्टरांना तो व्हिडिओ फार उपयोगी पडतो.